साक्षीदार आणलाय?

बाळांनो, मुलुंडच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी "काय होतंय?" असं कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. आपण खुर्चीत टेकायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "साक्षीदार आणलाय?" त्या मोठ्या माणसांच्या डॉक्टर. रक्तदाब, साखर, थायरॉईड असली जन्माची दुखणी त्यांच्याकडे. औषधाआधी पथ्य, आणि पथ्याच्या बाबतीत रुग्णाच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "जी जीभ खाते, तीच मला येऊन सांगते. तिचं काय ऐकायचं?"

माझे साक्षीदार तुमचे आजोबा. मी रक्तदाबाचे आकडे सुवाच्य अक्षरात लिहून न्यायची, "मीठ अगदी बेतानं खाते हो," म्हणायची. की शेजारून शांतपणे यायचं, "दुपारी चारला लोणच्याची बरणी वाजते." एवढ्या वर्षांच्या संसाराचं हे फळ!

मस्कतहून विमानानं येणाऱ्याला आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीला बाईंकडे फी एकच, आणि तीही अशी की कुणाला घासाघीस सुचू नये. मी एकदा म्हटलं, "परदेशच्या लोकांकडून तरी जास्त घ्या." तर म्हणाल्या, "का? विमान मी चालवलं?"

आजोबा गेल्यावर मी पहिल्यांदाच एकटी गेले. सवयीनं त्यांनी विचारलं, "साक्षीदार?" आणि जीभ चावली. मग दार उघडून बाकावर नजर फिरवली आणि मस्कतच्या रशीदभाईंना आत बोलावलं. ते साखरेसाठी दरवर्षी यायचे. या खेपेला त्यांची बायको आली नव्हती.

"हे तुमचे साक्षीदार, तुम्ही यांच्या. रोज दुपारी फोनवर एकमेकांना ताट दाखवायचं."

"अहो, परका माणूस!"

"परकाच बरा. घरचे पोटात घालतात."

आमच्या घरी कोणी कधी काय पोटात घातलं, ते मी विचारलं नाही.

रशीदभाईंची नजर म्हणजे घार. "बहेनजी, चावल के नीचे क्या है?" भाताच्या मुदीखाली लोणच्याची फोड असायची. मीही त्यांच्या पाण्याच्या तांब्यामागचे खजूर सोडत नसे. दोघांच्याही चहाड्या बाईंकडे इमानेइतबारे पोचत.

गेल्या वर्षी तुमचा बाबा माझा फ्लॅट विकून मला तुमच्याकडे न्यायचं ठरवून आला. मला जायचं नव्हतं, पण त्याच्यापुढे माझं चालेना. तो मला घेऊन थेट बाईंकडे. "आईनं आता एकटं राहू नये, हे तुम्हीच सांगा तिला."

"साक्षीदार आणलायस?"

"डॉक्टर, मी मुलगा आहे तिचा!"

"तू रविवारी फोन करतोस. रविवारी ती शहाण्यासारखीच जेवते." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मागे ही रशीदभाईंवर रुसली आणि ताट दाखवलं नाही. मस्कतहून मला फोन. लिफ्ट बंद. रक्तदाबाचं यंत्र घेऊन धापा टाकत पाच मजले चढले, तर ही बया थालीपीठ आणि लोणचं पुढ्यात घेऊन बसलेली! तिकडे हिनं ताट नाही दाखवलं, तर भरदुपारी कोण चढेल रे जिना?"

दुपारी तुमचा बाबा ऑफिसात असतो, हे त्यालाही माहीत होतं. फ्लॅट विकायचा राहिला. घरी येऊन त्यानं बरणी मात्र फळीवर इतकी उंच ठेवली की मला स्टूल घ्यावं लागतं.

यंदा बाईंच्या गुडघ्यांनी संप केला. दवाखाना बंद करून त्या नाशिकला लेकीकडे निघाल्या. निरोपाला गेले तेव्हा खुर्चीत न बसताच मी विचारलं, "बाई, साखर तुम्हालाही आहे. तुमचा साक्षीदार कोण?" आयुष्यात पहिल्यांदा त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

हल्ली दुपारी फोनवर तीन ताटं असतात. काल बाईंच्या पोळीच्या घडीतून गूळतूप ओघळलं. मी पाहिलं, रशीदभाईंनी पाहिलं, आणि त्यांच्या लेकीला लगेच कळवलं.

संध्याकाळी तुमच्या बाबाचा फोन आला. "आई, आता तर डॉक्टरही नाशिकला गेल्या. आता तरी येतेस?"

"कशी येऊ रे?" मी म्हटलं. "माझा रुग्ण ऐकत नाहीये."