सिस्टरकडं आहे तसाच

स्टेला सिस्टरचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी आलं नाही. पण तिचं चांगलं झालेलंही मला बघवत नव्हतं. आता केस पिकल्यावर खोटं कशाला बोलू?

आम्ही श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. दोन-दोन खोल्यांची क्वार्टर, मधे एक विटेची पातळ भिंत. भिंतीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं ती. आमचे हे टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या कचेरीत, क्लार्क. नाव घ्यायचंच झालं तर सहादेव. स्टेला कारखान्याच्या दवाखान्यात नर्स, म्हणून अख्खी कॉलनी तिला सिस्टर म्हणायची. तिचा नवरा इमॅन्युएल कारखान्याची जीप चालवायचा. बाई उंच, सावळी, चालणं ताठ. सुई टोचायची ती पोराला कळायचीसुद्धा नाही. कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या की पहिली हाक हिलाच. नाताळात दारावर कागदाचा तारा लावायची आणि साऱ्या लाइनीत करंज्यांची ताटं फिरवायची. तिच्या करंज्या माझ्यापेक्षा खुसखुशीत व्हायच्या. ते पण मला खुपायचं.

पण माझ्याकडं काय कमी होतं? लाइनीतला पहिला रंगीत टीव्ही आमचा, पहिला व्हीसीआर आमचा. ते दोन्ही यांनी घेतलेले. तिसरा कॅसेटचा डेक, तो मात्र माझा, माझ्या भावानं, गोरक्षनं, मुंबईहून आणून दिलेला. तिन्ही वस्तू काचेच्या शोकेसमधे. शोकेसला कुलूप आणि किल्ली यांच्या जुडग्यात. आमच्या पंकजनं लहान असताना व्हीसीआरच्या तोंडात अर्धी भाकरी सारली होती, तेव्हापासून काचा बंद त्या बंदच. पण रिमोट काचेतूनही चालतो, त्यामुळं अडत नव्हतं. तीन वस्तूंचे तीन रिमोट. दोन यांच्याकडं, डेकचा माझ्याकडं.

तो माझा म्हणजे माझाच. त्याला मी क्रोशाचं पांढरं कव्हर विणलं होतं. दुपारी पोरं शाळेत, हे ऑफिसात, मी कारखान्याच्या मळीचा वास नको म्हणून खिडकी लोटून घ्यायचे आणि डेक लावायचे. कॅसेट एकच. गोरक्षनं शेवगावला, माहेरी, आईला समोर बसवून भरलेली. तो म्हणाला, "आई, दळणाच्या ओव्या म्हण." आईनं दोन म्हटल्या, तिसऱ्या ओवीत अडली. तेवढ्यात मी धुण्याची बादली घेऊन तिथून चालले होते, तर माझ्यावर खेकसली, "पुष्पे, आधी जेव! कामं काय पळून चालल्यात?" ते पण टेप झालं. पुढच्या वर्षी आई गेली.

मला ओव्यांचं फार नव्हतं. मी ते खेकसणंच ऐकायचे. ऐकलं की जेवायला बसायचे. जेवता जेवता परत मागं न्यायचे, परत ऐकायचे. दिवसात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

सत्त्याण्णव साली, उसाचं गळीत नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा सिस्टरचा कुवेतचा भाऊ सुट्टीवर आला आणि तिला एक रिमोट देऊन गेला. तोवर तिच्याकडंही टीव्ही, व्हीसीआर, डेक सगळं जमलं होतं. ह्या एका रिमोटवर तिन्ही चालायचं. अगं बया! सारी लाइन बघायला लोटली. भिमाबाई, जी रोज माझ्याकडं चहाला बसायची, ती तिकडून येऊन मला सांगते, "पुष्पे, तुझ्यात तीन-तीन उचलावं लागत्यात. तिचं बघ, एकात काम!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहात साखर घालायची विसरले, आणि मुद्दाम आठवलीही नाही.

तरी तेवढ्यावर भागलं असतं. खरं जाळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. इमॅन्युएल ड्युटीवरून आला की हातपाय धुवायचा, फळीवरचा तो रिमोट उचलायचा आणि स्वतः बसायच्या आधी बायकोच्या हातात द्यायचा. "काय बघायचं गं?" रोज! मी मेथी निवडायचं निमित्त करून ओट्यावर बसायचे आणि त्यांच्या दारातून बघायचे. मेथी संपली तरी बसायचे. आमच्या घरात मला खूप काही विचारलं जायचं. शर्ट कुठाय, मीठ का कमी, पाव्हणे कधी जाणार. काय बघायचं, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

आणि माझी अक्कल बघा. मला वाटलं, ही त्या रिमोटचीच करामत. घरात एकच रिमोट आला की नवरा तो बायकोच्या हातात देत असणार.

त्यात सिस्टर माझ्याकडंच आली. "पुष्पाताई, तुमच्या हातचं कव्हर पाहिजे मला, तुमच्या रिमोटला आहे तसं." विणून दिलं. दुहेरी दोऱ्याचं, घट्ट, आणि पुढचं तोंड मुद्दाम बंद केलं. रविवारी तिच्याकडं बायका पिक्चर बघायला जमल्या आणि रिमोट चालेना. मी भिंतीला कान लावून उभी. काय सांगू, फार बरं वाटलं मला. मग तिचाच आवाज आला, "ताईंनी एवढा जीव लावून विणलंय, पुढं डोळा ठेवायचा राहिला तेवढा." भिमाबाईनं मग सांगितलं, तिनं कात्रीनं तेवढंच तोंड कापून घेतलं. ती भोळेपणानं बोलली की माझी लबाडी झाकली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण तेव्हा मी जास्तच पेटले.

त्याच दिवशी यांच्यामागं लागले. "अहो, आपल्याला पण तसला रिमोट घ्या."

"तीन हायेत की घरात. चौथा कशाला?"

"चौथा न्हाई, एकच. सिस्टरकडं हाय तसाच. कंपनी पण तीच."

"लई महाग आसतं ते."

"लाइनीत पहिला टीव्ही आपला, आन् लोक आता तिकडं जात्यात. तुमाला कायच वाटत न्हाई?"

हे यांना बरोबर लागलं. शनिवारी नगरला निघाले. नमुन्याला लागतील म्हणून तिन्ही रिमोट पिशवीत घातले. माझा मी कव्हरासकट दिला. संध्याकाळी आले ते खुशीत. पिशवीतून एकच खोकं काढलं. हुबेहूब सिस्टरकडं आहे तसाच. मी खोकं उलटं केलं, पिशवी झटकली.

"माझा कुठाय?"

"कोनता?"

"डेकचा."

"तिन्ही दुकानदाराला देऊन टाकले. त्यानं तेवढी किंमत कमी केली. आता त्या जुन्यांचं काय काम?"

"आन् कव्हर?"

"कव्हर पण गेलं आसंल. दुसरं इन की, ह्याला."

मनाला म्हटलं, असू दे, आता हा येईलच आपल्या हातात.

रविवारी आम्ही दोघं शोकेससमोर बसलो. त्या रिमोटबरोबर नंबरांचं एक पुस्तक होतं. प्रत्येक वस्तूचा तीन आकडी नंबर शोधून दाबायचा, लागला तर लागला, नाही तर पुढचा. मी पुस्तकातून वाचायचे, हे दाबायचे. टीव्ही लवकर लागला. व्हीसीआरनं दमवलं. डेक तर दिवा लावीना. शेवटी मी म्हणाले, "दोनशे सतरा," आणि काचेमागं डेकचा हिरवा दिवा लागला. आत कॅसेट होतीच. मी हात पुढं केला. यांनी रिमोट उचलला, शर्टाच्या खिशात घातला आणि म्हणाले, "च्या टाक."

सोमवारी तो खिशातूनच ऑफिसात गेला. ऑफिसातल्यांना दाखवायला म्हणून. मंगळवारी पण गेला. बुधवारी मी दारात आडवी आले.

"दुपारचा मला पाहिजे."

"कशाला?"

"आईची टेप."

"तेच ते कितीदा ऐकायचं? आन् पोरांनी आपटला म्हंजे? संध्याकाळी लावून देतो."

"मंग शोकेसची किल्ली तरी ठिवा."

"आन् पंक्यानं परत भाकर घातली म्हंजे? संध्याकाळी म्हनलं ना!"

संध्याकाळी बातम्या लागल्या, मग व्हीसीआरवर पिक्चर. मी एकदा म्हणाले, "अहो, टेप..." तर म्हणाले, "थांब गं, आता मारामारी हाय." इतके दिवस तीनांतला एक तरी माझा होता. एकच पाहिजे म्हणून मीच हटून बसले, आणि होता तो पण घालवला. कुणाला सांगणार? माझ्याच हातानं केलेलं. रडायला आलं की स्टेलाला शिव्या द्यायचे. तिनं तो रिमोट आणलाच नसता तर! तिच्या नवऱ्यानं तो तिच्या हातात दिलाच नसता तर!

त्या बुधवारी दुपारी मी जेवले नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. रुसून नव्हे. घास उचलायचाच राहून जायचा.

शुक्रवारी दुपारी सिस्टर दारात उभी. तिच्या सुट्टीचा दिवस, साधं पातळ, हातात तिचा रिमोट, टीव्ही बघता बघता उठून आल्यागत.

"पुष्पाताई, चार-पाच दिवस झाले, तुमच्या आईचा आवाज आला नाही. डेक बिघडला का?"

मी चमकले. "तुमाला ऐकू जातो व्हय?"

"एवढीशी भिंत. मी पण दवाखान्यातून येऊन त्याच वेळेला जेवायला बसते. 'आधी जेव' म्हणतात ना त्या."

एवढं ऐकलं आणि मी सगळं बोलून बसले. किल्ली, खिसा, नगरचा दुकानदार, सगळं. कव्हराचं तोंड मात्र नाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. शोकेसकडं बघितलं, हातातल्या रिमोटकडं बघितलं.

"तुमचा पण असलाच ना? मग ह्याच्यावर पण चालेल की. डेकचा नंबर काय लागला होता?"

"दोनशे सतरा," मी म्हणाले. तो मी विसरणं शक्यच नव्हतं.

तिनं काचेकडं रिमोट धरला आणि नंबर दाबला. हिरवा दिवा लागला. मग एक बटण दाबलं. मी मागच्या वेळी जिथं आणून ठेवली होती, टेप तिथूनच सुरू झाली.

"पुष्पे, आधी जेव! कामं काय पळून चालल्यात?"

आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल. पण त्याच्या आधी माझा जळफळाट झाला. माझी आई हिच्या बोटावर बोलली! माझ्या घरात, माझ्या भावाच्या डेकवर, माझी मेलेली आई हिच्या हुकमावर बोलली! नवरा हिला विचारणार, करंज्या हिच्या चांगल्या, आणि आता आई पण हिचीच?

"द्या तो इकडं!" मी ओरडले आणि तिच्या हातातून रिमोट हिसकावला. माझी बांगडी तिच्या मनगटाला लागली, रक्ताचा ठिपका आला. मी टेप मागं नेली. दोनदा चुकलं. मग माझ्या बोटानं बटण दाबलं.

"पुष्पे, आधी जेव!"

सिस्टरनं मनगट पदराला पुसलं. आत जाऊन टोपल्यातली भाकरी घेतली, वर लसणाची चटणी घातली आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. मी जेवले. रिमोट मात्र डाव्या हातात घट्ट धरून ठेवला होता.