रफूताई आणि तिचा धाकटा

फाटलेलं कापड हातात आलं की रफूताई भोकाकडे आधी बघायचीच नाही. कापड उलटं करायची, शिवणीच्या आत दडलेली जादाची पट्टी शोधायची आणि तिथलेच धागे काढून भोक असं विणून टाकायची की गिऱ्हाईक उजेडात जाऊन शोधत बसे. "कुठे होतं हो?" असं कुणी विचारलं की ताईचा दिवस सार्थकी लागला. आमचा गाळा एकच होता. पुढे माझी इस्त्री, मागे खिडकीखाली तिची सुई. मी दिवसभर बडबडणार आणि ती मान खाली घालून ऐकणार. "भाऊ, कधीतरी तोंडाचीही घडी घाला," असं एकदा म्हणाली होती, तेही मान वर न करता.

आईबाप लवकर गेले. धाकट्या भावाला तिनेच वाढवलं आणि वाढवताना त्याचंही रफूच केलं. शाळेत मार खाऊन आला की त्याचा शर्ट उतरवून घ्यायची, फाटलेलं जोडायची आणि म्हणायची, "झालं. आता कुणाला कळणार नाही." पुढे त्याला नोकरीवरून काढलं, तेव्हा तिने शेजारीपाजारी सांगितलं की रजेवर आहे. नाक्यावर एका शिपायाने काही कारण नसताना चारचौघांत त्याच्या कानाखाली वाजवली. गाल टम्म सुजला, तर ही म्हणे, दाढ दुखतेय. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा तिचा बाणाच होता. मला याचा राग यायचा. पण दुसऱ्याच्या घरात माणसाने नाक तरी किती खुपसावं?

मग धाकटा गॅरेजच्या माडीवर जमणाऱ्या मंडळींत जायला लागला. कपडे नीटनेटके झाले, शिव्या थांबल्या, घरी हसायलाही लागला. ताई खूश. पोरगं मार्गी लागलं म्हणायची. एका दुपारी तो जाड कॅनव्हासची पिशवी घेऊन गाळ्यात आला. पट्टा उसवला होता.

"सामान जड आहे गं, दुहेरी दोऱ्याने शिव."

"दगड भरणार का काय रे?" मी विचारलं. तो हसला. ताईने पट्टा शिवला, दोन्ही हातांनी ओढून बघितला आणि पिशवी त्याच्याकडे दिली.

त्याच आठवड्यात बसस्थानकात, तिकिटाच्या खिडकीपाशी स्फोट झाला. रांगेतली माणसं गेली. काहींची ओळख चपलांवरून पटवावी लागली. धाकटा आदल्या दिवसापासून कामासाठी बाहेरगावी होता, मामाकडे. असं ताईच सांगत होती.

पोलिसांनी वर्तमानपत्रात पिशवीच्या पट्ट्याच्या तुकड्याचा फोटो दिला. ओळखत असल्यास कळवा, म्हणून. ताई डावखुरी. तिचा टाका सगळ्या जगाच्या टाक्यांपेक्षा उलट्या बाजूला कलतो. एवढी वर्षं एका छपराखाली काढल्यावर हे मलाही ठाऊक होतं. आम्ही दोघं त्या फोटोकडे बघत राहिलो आणि माझ्या इस्त्रीखाली कुणाची तरी पँट जळली.

"कुणाला कळणार नाही, ताई," मी म्हणालो.

"मला कळलंय ना."

तिने सुई उशीत खोचली आणि चपला घातल्या. चौकीकडे जाताना वाटेत एवढंच म्हणाली, "कच्चा शिवला असता तर वाटेतच तुटला असता हो, भाऊ." मी, जन्माचा बडबड्या, नुसता तिच्या मागे चालत राहिलो. तिने मामाचा पत्ता दिला. पोलिसांनी रात्रीच्या आत धाकट्याला आणलं.

मग शहाण्यांचा बाजार भरला. टीव्हीवर रोज उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. कुणी म्हणे गरिबी, कुणी बेकारी, कुणी वाईट संगत, कुणी तो शिपाई. माझं डोकं फिरायचं. अहो, गरिबीने माणसं बॉम्ब ठेवत असती तर आमची अख्खी गल्ली केव्हाच उडाली असती. त्या शिपायाची थप्पड मीही खाल्लेली आहे, दूधवाल्यानेही खाल्ली आहे. दूधवाला अजून दूधच घालतो. कारणं खोटी होती असं नाही. सगळी खरी होती आणि एकही पुरत नव्हतं.

ताईकडे कपडे यायचे थांबले. भावाला धरून दिलं म्हणून काहीजण थुंकले, त्याची बहीण म्हणून बाकीचे थुंकले. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला एकच हवं होतं, कारण. त्याच्या तोंडून. भेटीची परवानगी मिळाली तेव्हा मानलेला भाऊ म्हणून मलाही बरोबर नेलं.

जाळीपलीकडे तो स्वच्छ दाढी करून बसला होता. ताईने विचारलं, "का रे केलंस?" तो बोलायला लागला. अन्याय, इतिहास, शत्रू. आम्ही कुणी कधी न बघितलेल्या गावांत, आमच्या जन्माआधी झालेल्या गोष्टी. सगळं पाठ होतं.

"हे त्यांचं झालं. तुझं सांग."

मग तो अगदी पूर्वीच्या, घरातल्या आवाजात म्हणाला, "ते माझी वाट बघायचे गं, ताई. गेलो नाही तर बोलावणं यायचं. मी बोलताना माझ्याकडे बघायचे. तू कधी वर बघितलंस?"

मला त्या जाळीतून हात घालून त्याची गचांडी धरावीशी वाटली. एवढ्यासाठी? एवढ्याशा कारणासाठी? पण ताई त्याच्याकडेच बघत होती, पापणी न हलवता.

"आणि तिकिटाच्या खिडकीपाशी? तिथे कुणी बघितलं नाही तुझ्याकडे?"

तो हाताची नखं बघायला लागला.

"एक बाई होती. रांगेत. मी निघालो तर मागून हाक मारली. म्हणाली, अहो दादा, तुमची पिशवी राहिली."

"मग?"

"म्हटलं, आत्ता येतो. तर म्हणाली, या सावकाश, मी बघते."