बचुलीकाकीचं राखाडी कार्डिगन

आमच्या अल्मोड्याकडे विधवा लाल घालत नाही, आणि सवाष्ण बचुलीकाकीच्या अंगावर वीस हिवाळे एकच लाल कार्डिगन. यंदा अंगणातल्या उन्हात बसून तिने तेच पुन्हा विणायला घेतलं. नक्षी तीच पानांची, लोकर मात्र राखाडी.

मी भडकलेच. "काकी, कुंकवाचा धनी समोर बसलाय आणि हा रंग? काय अभद्रपणा हा!"

"लोकर त्यांनीच आणलीय," टाके मोजत ती म्हणाली.

धनसिंगकाका दोन्ही हातांवर लोकरीची लड धरून बसले होते. हल्द्वानीच्या डॉक्टरकडून आल्यापासून त्यांची मनगटं काटकीसारखी झाली होती.

"बाह्या कधी होतील गं?" त्यांनी विचारलं.

"माघात."

"बरं. मग माघापर्यंत थांबतो."