ऐरणीदानाची दुरडी

मुलीचं लग्न ठरलं त्या दिवसापासून मी एका जागी टिकत नव्हते. गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या जिन्यातून परत फिरायचे. कपाट आवरायचे, पुन्हा उपसायचे. "आई, बस ना गं जरा, मला चक्कर येतेय तुझ्याकडे बघून," मुलगी म्हणायची. बसून काय करू? बसलं की दिराचं बोलणं आठवायचं.

तो घरी येऊन गोड आवाजात सांगून गेलेला, "वहिनी, कन्यादान आम्ही दोघं करू. ऐरणीदानही. जोडप्यानंच करायचं असतं ना." आमच्या ह्यांना जाऊन काही वर्षं झाली. म्हणजे मुलीला वाढवलं मी, शिकवलं मी, आणि द्यायच्या वेळी मी खुर्चीत! मुलगी भडकली, काकाला फोन लावायला निघाली. मीच अडवलं, लग्नघरात तमाशा नको. कन्यादानावर पाणी सोडलं. ऐरणीदानावरून मात्र जीव हटेना. दिव्यांची दुरडी सासूच्या डोक्यावर ठेवून "सांभाळा हो हिला" म्हणायचं, ते दुसऱ्या कोणी का म्हणावं?

निदान दुरडी तरी माझ्या हातची असू दे, म्हटलं. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात मी टोपल्या विणायला शिकते. नमुने आपल्या खेड्यांतल्या दुरड्या-पाट्यांचे, काड्या मात्र विलोच्या झाडाच्या, काश्मीरहून येणाऱ्या. "बांबूचीच लागते," दीर पुटपुटला. गुरुजी म्हणाले, चालेल. विषय मिटला.

या काड्या बेताने भिजवायच्या, मग ओल्या फडक्यात गुंडाळून मुरू द्यायच्या. मला कुठला धीर! बाथरूमच्या टबात टाकल्या आणि साड्या आणायला ठाण्याला गेले. येताना शीळफाट्याला रिक्षा जी अडकली, ती हलेचना. घरी पोचले तोवर काड्या फुगून टम्म. तशाच विणायला घेतल्या. विणताना छान घट्ट बसत होत्या. वाळल्यावर आकसल्या आणि वीण सैल पडली. उचलली की दुरडी करकरायची, एका बाजूला कलायची. नवी विणायला वेळ नव्हता. संतापून माळ्यावर फेकणार होते, तर मुलीने हातातून ओढून घेतली. "हीच न्यायची. दुसरी आणलीस तर बघ."

हॉलमध्ये सगळं दिराने ठरवल्यासारखंच चाललेलं. मी पहिल्या रांगेत पदराशी चाळा करत होते. जावेने पेटलेल्या दिव्यांची दुरडी उचलली आणि ती कलली.

"अगंबाई! ताई, ही हलतेय! मला नाही जमणार, दिवे पडतील. तुम्हीच धरा!"

दीर गुरुजींकडे बघायला लागला. मी कोणाकडेच बघितलं नाही. उठले, खालून दोन्ही तळवे लावले, दुरडी पेलली आणि विहीणबाईंच्या डोक्यावर ठेवली. काय काय बोलायचं ते मनात किती वेळा घोकलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "तिला सकाळी लवकर जाग येत नाही हो."

आजूबाजूचे हसले. मुलगी रडायला लागली.

"झोपू दे की," विहीणबाई म्हणाल्या. "सोडा आता, नीट बसलीय माझ्या डोक्यावर."

माझे हात निघेनात.

"अजून थोडं," मी म्हटलं.