भासऱ्यांची बोट आणि माझी गाळपेर

त्या बोटीचं नाव काढलं की माझं डोकं अजून तापतं. लोक म्हणतात, यंत्रावर कसला राग धरतेस, यंत्राला काय कळतं? यंत्राला नसेल कळत. ज्यांनी ते आणलं त्यांना तर कळत होतं ना!

आणलं माझ्या भासऱ्यांनी. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमचं गाव धरणाच्या काठावर, आंजीहून आणखी आत. शेती एकत्र, कापूस आणि तुरीची, आणि तिचा सगळा कारभार भासऱ्यांच्या हातात. माझ्या नवऱ्याकडे काय होतं? मान. दादा बोलले की ती हलवायची.

माझं म्हणावं असं त्या घरात एकच होतं, गाळपेरीचा तुकडा. पावसाळ्यात तो धरणाच्या पाण्याखाली असायचा. दिवाळीनंतर पाणी मागं सरकलं की काळा मऊ गाळ उघडा पडायचा आणि त्यात आपापल्या ठरलेल्या जागी लोक पेरायचे. नांगर नको, खत नको, हातानं ढेकूळ फोडलं की बी टाकायचं. मी अल्लीपूरहून लग्न होऊन आले तेव्हा तिथं नुसतं बेशरमाचं रान माजलं होतं. ते मी मुळासकट उपटलं. मग वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, चवळी लावली, उन्हाळ्यात टरबुजं. बाजारात टोपली मी न्यायची आणि आलेल्या पैशाला घरात कोणी हात लावायचा नाही. सासूनं जायच्या आधी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "तो तुकडा लहानीचा." आयुष्यभर त्या बाईनं माझं कौतुक केलं नाही, पण एवढं एक वाक्य माझ्या बाजूनं बोलून गेली.

मग बोट आली. कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टात ती वर्षानुवर्षं ऊन खात पडली होती. भासरे तिकडे लग्नाला गेले, तिला पाहून आले, आणि थोड्याच दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून ती आमच्या अंगणात. लांबलचक. कधीकाळी पांढरी असावी. अंगावर भेगा, गाद्यांना उंदरांनी पाडलेली भोकं, आणि मागच्या पोटात आठ सिलिंडरचं धूड इंजिन. आमच्या धरणाच्या या काठावरून त्या काठाला माणूस डोंग्यातून गप्पा मारत जातो. तिथं हे इंजिन म्हणजे चिलट मारायला तोफ!

"पर्यटक येतीन," भासरे अंगणात जमलेल्यांना सांगून राहिले होते. "वर्ध्याचे, नागपूरचे. रविवारी रांग लागंन, पाह्यजा तुमी."

मी दारातून नवऱ्याला म्हटलं, "त्याहीले विचारा, हे इंजिन पेट्रोल किती पेते?"

आमच्या घरात धाकटी सून भासऱ्यांशी थेट बोलत नाही. दोन हातांवर उभी असली तरी पदर पुढं ओढून, नवऱ्याच्या मार्फत. मोबाइल आले, पोरी स्कूटीवर कॉलेजात जायला लागल्या, आमच्या घरातली ही रीत काही हलली नाही. भासरेही मग भिंतीकडे बघून उत्तर देतात.

"तिले सांग," ते भिंतीला म्हणाले, "जो बैल खाते तोच ओढते."

खाते! बाप्पा, बाप्पा! माझ्या फवारणीच्या पंपाला आख्ख्या हंगामात लागायचं नाही एवढं पेट्रोल ती एका फेरीत ढोसायची. जोरात पळवली तरी पेणार, हळू चालवली तरी पेणार, उभ्या उभ्या घरघरली तरी पेणार. हळू चालवली तर प्लग काळे पडायचे. जोरात चालवली तर हादऱ्यानं भेगा उघडून आत पाणी. बॅटरी कायमची उतरलेली, कार्बोरेटरमध्ये कायमचा कचरा, वरून ऑइल ओतलं की खालून गळालंच समजा. आणि या सगळ्याची सेवा कोणी करायची? माझ्या नवऱ्यानं. वावरात निंदण अडलेलं, तुरीवर अळी पडलेली, आणि हा माणूस सकाळपासून त्या धुडाखाली उताणा. घरी यायचा तर अंगाला असा वास की जेवताना मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची.

"काऊन मरून राह्यले त्या लोखंडासाठी?" मी विचारायची.

"दादा म्हनते ना," तो म्हणायचा. झालं, विषय संपला.

पर्यटकही आले, नाही असं नाही. भासऱ्यांचे व्याही आले, व्याह्यांचे मेहुणे आले, त्या मेहुण्यांचे साहेब आले. सगळे फुकटे. एक चक्कर मारायचे, फोटो काढायचे आणि ओट्यावर बसून माझ्या हातचा चहा प्यायचे. साहेबांच्या बायकोनं मला विचारलं, तुम्हाला रोज बोटीत बसायला मिळत असेल ना? मी म्हटलं, हो, रोज तिच्याच नावानं बोटं मोडत बसते. तिला तो विनोद वाटला.

इथवर मी सगळं सोसलं असतं. पैसे त्यांचे, हौस त्यांची, जळू दे. पण बोट बांधायला त्यांना जागा हवी होती. आमच्या वाट्याचा बाकीचा काठ सगळा दगडाचा. मऊ उतार तेवढा माझ्या तुकड्याचा. त्या हिवाळ्यात मी पेरणी केली आणि बांधाला लागूनच यांनी बोट आणून टेकवली. बोट सुटली की लाट यायची ती थेट सांभारात. पाण्यावर ऑइलचा रंगीत तवंग, आणि मी कळशी बुडवणार त्यातच. वांग्याच्या पानांना तेलकट डाग पडले तेव्हा मी ती पानं तोडून भासऱ्यांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवली. नवऱ्याला म्हटलं, "त्याहीले म्हना, भाजी वाढली."

भासरे जेवत राहिले. हात धुतल्यावर भिंतीला म्हणाले, "पुढच्या हंगामापासून तिथं बोटीचा घाट होईन. सिमेंटचा. लहानीले सांग, भाजी बाजारात भेटते."

"आईनं काय म्हटलं होतं ते इसरले काय?" मी म्हटलं. त्यांनी ऐकलं. नवऱ्यानंही ऐकलं, आणि तो उठून गोठ्याकडे गेला. गोठ्यात एक शेळी होती, तिला काही तेव्हा त्याची गरज नव्हती.

उन्हाळा गेला, पाऊस आला, धरण भरलं, माझा तुकडा पाण्याखाली गेला. भासऱ्यांनी काय करावं? बोट बरोबर त्यावरच आणून बांधली. काठावरच्या बाभळीला दोर आणि खाली माझी जमीन. मी म्हटलं, पाणी आहे तोवर बांधा, पाणी उतरल्यावर बघते. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की जुनं इंजिन रोज चालवलं नाही तर जाम होतं. मग काय, रोज सकाळी बांधल्या बोटीचं इंजिन चालू करून रेस देणं सुरू. कुठं जाणं नाही, येणं नाही. खुंट्याला बांधलेली म्हैस पळवावी तसा प्रकार. मागं पंख्याजवळ काळं पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर यायचं. पावसाळ्याचं पाणी गढूळच असतं, म्हणून माझं तिकडे लक्ष गेलं नाही. मला राग येत होता तो त्या घरघरीचा.

पोळा आला. आमच्या गावात पोळा जोरात असतो. सगळ्यांचे बैल सजवून तोरणाखाली उभे राहतात आणि झडत्या होतात. झडती म्हणजे यमक जुळवून भर गर्दीत मारलेला टोमणा. ज्याच्यावर पडते त्यानं रागवायचं नाही, अशी पद्धत आहे. भासऱ्यांनी बैल केव्हाच विकलेले. बाकीचे बिनबैलवाले ट्रॅक्टर धुऊन उभा करतात. यांनी बोट उभी करायची ठरवली. दोन दिवस आधी ट्रॉलीवर चढवून घरी आणली, माझ्या नवऱ्याकडून घासून घेतली, रंग दिला, बेगड चिकटवली, घुंगरमाळ बांधली. बैलाला पाय धुऊन ओवाळतात, तसं हळद-कुंकू लावून इंजिनाला ओवाळलं. ओवाळायला जाऊबाई होत्या. मला बोलावलं, मी डोकं दुखतं म्हटलं.

शेजारचे म्हातारेबुवा आमच्या गावातले झडतीचे राजे. त्यांना मी आदल्या दिवशी परसातला सांभार द्यायला गेले आणि सांभाराबरोबर एक झडतीही देऊन आले. माझं नाव घ्यायचं नाही, एवढंच कबूल करून घेतलं.

तोरणाखाली बैलांच्या रांगेत ती पांढरी बया उभी. बायका आम्ही देवळाच्या ओट्यावरून बघत होतो. म्हातारेबुवा पुढं झाले, हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"कोनाच्या गोठ्यात बैलजोडी, कोनाच्या दारात घोडा,
आमच्या दादानं पाळला पाहा पेट्रोल पेनारा रेडा!"

आख्ख्या गावानं हर हर महादेव केला. हसून हसून माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडली. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे, रेडा हंबरते तरी काय?"

रागवायचं नाही ही पद्धत, आणि भासरे पद्धतीचे मोठे पक्के. ते हसले. पण कान लाल झाले होते, मला ओट्यावरून दिसले. "आयका मंग!" म्हणाले आणि ट्रॉलीवर चढून बोटीत जाऊन बसले.

एरवी दहा वेळा चावी फिरवावी लागायची. त्या दिवशी एका झटक्यात चालू! केवढा तो आवाज. बैल बुजले, दोर हिसकू लागले, पोरांनी टाळ्या पिटल्या. भासऱ्यांना चेव चढला. त्यांनी रेस दिली, आणखी दिली. ट्रॅक्टर पोळ्याला असाच घुमवतात ना! नवरा खाली उभा राहून हात जोडल्यासारखा बघत होता. मग रबर जळाल्याचा वास आला. मग पांढरा धूर. भासऱ्यांना वाटलं, लोक धुरालाच खूश होऊन राहिले. मग आतून असा किंचाळल्यासारखा आवाज आला की माझ्या शेजारची बाई दचकून खाली बसली, आणि धाडकन सगळं बंद.

बैल तोरण तोडून पळाले. लोक बैलांमागे पळाले. तोरणाखाली भासरे एकटे, धुरात बसलेले. मी पदर तोंडात कोंबून हसले. खोटं कशाला बोलू? त्या दिवशीची पुरणपोळी मी तुपात बुडवून खाल्ली.

नागपूरहून मेकॅनिक आला. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "पानी में थी, या बाहर?"

"तोरनात होती," नवरा म्हणाला.

"अरे भाऊ! ये ट्रॅक्टर नहीं है. नीचे से पानी खींचती है, तभी ठंडी रहती है. सूखे में चलाओगे तो जलेगी ही."

आमच्या घरात इतके महिने कोणालाच हे माहीत नव्हतं. पाण्यातच चालायची, म्हणून कळायचं कारणच पडलं नाही. इंजिनाला आतून तडा गेला होता, त्या जुन्या मॉडेलचे भाग कुठं मिळत नव्हते. बोट तुकडे करून भंगारात गेली. त्या रात्री भासरे भिंतीला म्हणाले, "घाट राह्यला. तिले म्हन, घे तुझा तुकडा."

मी ताटं उचलत राहिले. आतून मात्र इतकी खूश झाले की दुसऱ्या दिवशी वांग्याचं बी भिजत घातलं. परसात वाफा करून रोपं वाढवली. दिवाळी झाली, पाणी उतरू लागलं. रोज सकाळी काठावर जाऊन बघायची, आज किती उघडं पडलं. एकदाचा उतार दिसला तेव्हा रोपांची टोपली डोक्यावर घेऊन गेले. नवरा खुरपं घेऊन मागं.

दोन्ही बाजूच्या तुकड्यांवर काळा गाळ चकाकत होता. माझ्या तुकड्यात खड्डा. खळ्याएवढा मोठा, आणि तळाशी पिवळा मुरूम, दगड, गोटे. वरच्या अंगाचा उरलेला गाळही घसरून त्यातूनच धरणात गेलेला. बोटीचं शेपूट जिथं असायचं, बरोबर तिथं. ते रोज सकाळी उकळत वर येणारं काळं पाणी, ते माझं वावर होतं. मी खड्ड्यात उतरून हातानं उकरलं. नखं दगडाला लागली. वर्षानुवर्षं माझ्या हाताखाली मऊ झालेली जमीन पेट्रोल जाळून, सेवा म्हणून, रोज थोडी थोडी उडवली होती.

मी तिथंच बसून रडले. मोठ्यानं रडले, कोण बघतं याची पर्वा न करता. मग नवऱ्याला विचारलं, "हे कोनं केलं?"

त्यानं खड्ड्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. "पान्यानं नेलं असंन," तो म्हणाला.

"पान्यानं?"

"हाव. यंदा पानी लय होतं."

"शेजारच्याचं काऊन नाई नेलं मंग? दादाचं नाव घ्यायले जीभ झडते काय तुमची?" मी खुरपं त्याच्या पायाशी फेकलं. त्यानं ते उचललं, पुसलं आणि उभा राहिला. सगळं त्याला दिसत होतं. त्या दिवशी मला बोटीपेक्षा, भासऱ्यांपेक्षा त्याचा राग आला, आणि तो गेला नाही.

रोपं मी शेजारणीला दिली. मुरमावर गाळ बसायला किती पावसाळे लागतील ते कोणी सांगत नाही. घरात बसून भासऱ्यांच्या भिंतीकडे बघायची मला इच्छा नाही, म्हणून बाजारात अजून जाते. सकाळी ठोकवाल्याकडून भाजी उचलायची आणि माझ्या जुन्या जागेवर पसरायची. परवा एका बाईनं वांगं हातात घेऊन, देठ बघून विचारलं, "घरची हायेत काय जी?"

"नाई," मी म्हटलं.

तिनं वांगं खाली ठेवलं आणि पुढच्या दुकानाकडे गेली.