दाबलं नाही ते बटण

सेट बिघडला नव्हता.

चौकशीत मी सांगितलं होतं की पावसाचं पाणी शिरलं आणि सेट गेला. तसं लिहून दिलं, खाली सही केली. घरी बायकोलाही तेच सांगितलं आणि बंदरावर कुणी विचारलं तर त्यालाही. आता सांगतो. सेट चांगला होता, बॅटरी भरलेली होती, आणि तो मी माझ्या हाताने बंद केला. बंद केल्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. तेव्हाही मागितली नाही, आज पन्नाशीला टेकलो तरी मागत नाही. ज्याची मागायची ते वेगळं आहे.

१९९८ साली आमची कंपनी ईशान्येकडच्या डोंगरात होती. मी रेडिओ ऑपरेटर. पाठीवर वायरलेसचा सेट, हातात रिसीव्हर, आणि हवालदाराच्या मागे दोन पावलं, ही माझी जागा. त्या दिवशी आम्ही अकरा जण पुढे गेलो होतो. कंपनीचे कमांडर, आमचे साहेब, मागच्या टेकडीवर त्यांच्या सेटपाशी. साहेब साताऱ्याकडचे. मला ते नावाने हाक मारत नसत, ‘कोकण्या’ म्हणत, आणि त्यात माया होती हे मी नाकारत नाही.

दुपारी एका ओढ्यात आम्ही अडकलो. समोर चढण, आणि ती पूर्ण बोडकी. वरून दोनदा गोळीबार झाला, आमच्यातल्या एकाच्या दंडातून गोळी गेली. हवालदाराने माझ्याकडून साहेबांना विचारलं, अंधार होईपर्यंत थांबू का? साहेब म्हणाले, तयार राहा, दहा मिनिटांनी सांगतो. दहा मिनिटांनी माझ्या कानात हुकूम आला, “वर चढा. आत्ता. ओव्हर.”

तो हुकूम फक्त मी ऐकला. हवालदार सरळ माणूस होता. मी सांगितलं असतं तर त्याने पट्टा आवळला असता आणि पहिला तोच निघाला असता. मी त्या चढणीकडे पाहिलं. लपायला एक झुडूप नव्हतं. मग मी बटण फिरवलं.

“हवालदारसाहेब, सेट गेला.”

“गेला म्हणजे?”

“पाणी शिरलं.”

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असं मला पुढे अनेक वर्षं वाटत राहिलं. मग म्हणाला, “हुकूम नाही तर हलायचं नाही. बसा सगळे.” आम्ही बसलो. अंधार पडल्यावर ओढ्याच्या कडेकडेने खाली उतरलो. अकराच्या अकरा.

इथवर मी मान वर करून सांगतो. पण मध्ये एक तास गेल्यावर मी सेट पुन्हा चालू केला होता. आवाज अगदी बारीक ठेवून, कान चिकटवून. साहेब आम्हाला बोलवत होते. वर चढा नाही, मागे या नाही, नुसतं बोलवत होते. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. “बोलता येत नसेल तर बोलू नका. जिवंत असाल तर नुसतं बटण दाबा. एकदा दाबा. मला इथे कळेल.”

रिसीव्हरचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. दाबलं की त्यांच्याकडे टक् असा आवाज गेला असता, बस्स. मी दाबलं नाही. दाबलं तर सेट चालू आहे हे कळणार, आणि मग चढण चुकत नाही, अशी भीती. मी सेट बंद केला.

आम्ही मेलो किंवा जखमी झालो असंच समजून साहेबांनी चार जणांना आमच्या शोधात पाठवलं. त्यातला पहिला वाटेत गोळी लागून गेला. देवरुखकडचा लान्स नाईक, माझ्या जिल्ह्याचा. घरून डबा आला की माझं लोणचं तो खायचा आणि त्याची आमसुलं मी. चार जण निवडताना तोच आधी पुढे झाला होता. म्हणाला होता, “आमचा गाववाला आहे तिथे.” हे मला साहेबांकडून कळलं, आठ वर्षांनी.

चौकशीत ठपका साहेबांवर आला. संपर्क तुटला असताना घाईने माणसं पाठवली, असा. त्यांची पुढची बढती अडली आणि ते मुदतीआधी बाहेर पडले. मी २००१ला घरी आलो आणि रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर दुकान टाकलं. मासेमारीच्या बोटींवरचे वायरलेस दुरुस्त करायचं. मला दुसरं काय येत होतं?

दुकान चालू लागल्यावर एक गोष्ट पहिल्या मोसमातच ध्यानात आली. दुरुस्तीला येणाऱ्या सेटपैकी बरेच बिघडलेले नसतातच. बोटीचा मालक, शेठ, किनाऱ्यावर बसून समुद्रातल्या तांडेलाला हुकूम सोडतो. आणखी दोन दिवस थांब, उत्तरेला सरक, डिझेल जाळू नको. बोट चालवतो तांडेल. वारा त्याला दिसतो, खलाशांची तोंडं त्याला दिसतात. हुकूम पटला नाही की तो वायरलेस बंद करतो आणि परत आल्यावर म्हणतो, सेट गेला. मग शेठ तो सेट माझ्याकडे आणतो, आणि मी तांडेलाला सांभाळून घेतो. कुणी मला हे करायला सांगितलं नव्हतं. एकही पैसा मी कुठल्या तांडेलाकडून घेतला नाही. बंदरावर मला ‘फौजी’ म्हणतात, आणि फौजी म्हणतो बिघडला तर बिघडला.

२००६च्या मार्चमध्ये साहेब दुकानाच्या दारात उभे राहिले. केस पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी.

“कोकण्या, ओळखलंस का?”

मी उठून सॅल्यूट ठोकला. हात आपोआप गेला. समोरच्या बर्फवाल्याने त्याची चार दिवस चेष्टा केली.

साहेबांना दुसऱ्या दिवशी देवरुखला जायचं होतं. लान्स नाईकच्या बायकोला भेटायला. “तेव्हा पत्र लिहिलं होतं, सरकारी भाषेतलं,” ते म्हणाले. “तोंडावर सांगायचं राहिलं की माणूस मी पाठवला, चूक माझी. आता तब्येत बरी नसते. राहून जायला नको. तू वाट दाखवशील?”

मी हो म्हटलं. लान्स नाईकचं गाव पासष्ट किलोमीटरवर, आणि मी एकदाही तिथे गेलो नव्हतो. लग्नाचं आमंत्रण आलं तरी मी देवरुखच्या बाजूचं टाळत असे.

साहेब स्टुलावर बसून चहा पीत होते तेवढ्यात एक शेठ ओरडतच आला. काखेत वायरलेसचा सेट.

“फौजी, बघ रे ह्याला काय झाला! काल दुपारपास्नं मी बोंबलतोय जेटीवर. थांब म्हणून सांगत होतो दोन दिवस, मासळी लागलीय तिथे, तर आमचा तांडेल आला बोट घेऊन परत. म्हणे ऐकूच नाय आलं!”

मागे तांडेल उभा. खाली मान, पण चेहरा लाजल्याचा नव्हता. “खलाशी तापाने फणफणला होता शेठ. आणायलाच हवा होता त्याला,” तो म्हणाला.

“ता मी वायरलेसवर ऐकला असता ना मेल्या! तुमची बोट बुडाली काय, हा इचार करून माझी भाकर गेली नाय खाली!”

मी सेट उघडला, फुंकर मारली, एका तारेला बोट लावलं. “खारं धरलंय शेठ. मिठाने आतला एक भाग गेलाय. परवा घेऊन जा.”

“बघा शेठ, मी सांगितलं नव्हतं?” तांडेल म्हणाला. शेठ पुटपुटत गेला. तांडेल जाताना माझ्याकडे बघून नुसती मान हलवून गेला.

साहेब उठले. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्या टेबलावरच्या बॅटरीच्या दोन तारा सेटला जोडल्या आणि बटण फिरवलं. दिवा लागला. खोल समुद्रातले दोन तांडेल एकमेकांना जेवलास काय विचारत होते, ते स्वच्छ ऐकू आलं.

“हा चालू आहे,” साहेब म्हणाले.

“हो.”

“तुला माहीत होतं.”

“हो साहेब.”

त्यांनी तारा सोडवल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तोही चालू होता?”

आठ वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली होती, आणि खोटं तोंडाशी तयार होतं. ते बाहेर आलं नाही. “चालू होता. तुमचा हुकूम मी ऐकला. हवालदाराला सांगितला नाही. मी बंद केला.”

“का?”

“कारण हुकूम चूक होता.” माझा आवाज चढला, आणि मी तो उतरवला नाही. “ती चढण बोडकी होती साहेब. आम्ही अकरा जण त्या उतारावर मेलो असतो.”

“नकाशात तिथे रान होतं.”

“नकाशात असेल. मी तिथे बसलो होतो. रान तोडून न्यायला लोकांना तुमची परवानगी लागत नव्हती. पुन्हा तो दिवस आला तर मी पुन्हा बंद करीन. मला शिक्षा द्यायची तर अजून द्या.”

साहेब स्टुलावर बसले. “आणि मी हाका मारत होतो तेव्हा?”

इथे माझी सगळी रग संपली. मी सांगितलं की ऐकल्या, आणि बटण अंगठ्याखाली होतं. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. तेव्हाच त्यांनी ते सांगितलं, लान्स नाईक कसा पुढे झाला आणि काय म्हणाला.

“उद्या तू येऊ नकोस,” शेवटी म्हणाले. “मी सांगतो तिला जे सांगायचं ते. माझ्यावर आलंच आहे ते माझ्यावर राहू दे.”

“नाही साहेब. हा हुकूमही मी ऐकत नाही.”

ते हसले. हसले असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही देवरुखला गेलो, तिथून रिक्षाने तिच्या गावी. तिची पिठाची गिरण होती. ओढणी डोक्याला गुंडाळून ती दळत होती, भुवया पिठाने पांढऱ्या. साहेबांनी ओळख सांगितली तसा तिने गिरणीचा पट्टा थांबवला आणि आम्हाला बाकावर बसवलं. साहेब बोलायला लागणार, तेवढ्यात मी सुरुवात केली. हुकूम, बटण, हाका, आणि न दाबलेलं बटण. क्रमाने सगळं. कुठे गाळलं नाही.

ती उभ्यानेच ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, “म्हंजे तुमी नुसता बोट दाबला असता तर ते निघालेच नसते.”

“हो.”

“आणि इतकी वर्सं रत्नागिरीत बसलेव.”

“हो.”

“मी माफ करायची नाय.”

“माफी मागितली तर बटणाची मागेन,” मी म्हटलं. “सेट बंद केला त्याची नाही मागणार. अकरा माणसं आली घरी.”

साहेबांनी माझा दंड धरला. पण तिने चिडून नव्हे, नीट विचारलं, “अकरा? आता किती हायत?”

“मला धरून नऊ. एक अपघातात गेला, एक आजाराने.”

“पोरंबाळं?”

“आहेत. एकाची मुलगी नर्स झाली.”

तिने ओढणीच्या टोकाने भुवया पुसल्या. “मग त्यांना आणा हितं. मी बगीन एकेकाला. कुनासाठी गेला माजा मानूस, तेवडा मना कळू दे. फुडल्या मार्चला. आनि तुमी सवता सांगायचा त्यांना, ह्या बाईने का बोलावलाय ते.”

“त्यांना माहीत नाही सेटचं,” मी म्हटलं.

“म्हनूनच.”

तिने पट्टा पुन्हा चालू केला. गिरणीच्या आवाजात पुढे काही बोलणं शक्य नव्हतं.

परतताना एसटीत साहेब खिडकीशी बसले होते. हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी थांबली तेव्हा म्हणाले, “हवालदाराचा पत्ता माझ्याकडे आहे. त्याला पहिलं लिही.”

लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, ‘सेट सुका होता हे मी तेव्हाच हात लावून पाहिलं होतं.’ पुढच्या मार्चला बाकी आठांपैकी पाच आले. दोघांनी मला शिव्या घालणारी पत्रं लिहिली, एकाने उत्तरच दिलं नाही. तिने पाचही जणांना एका रांगेत बाकावर बसवलं आणि प्रत्येकाला घरचं विचारलं. हवालदार त्यात होता. माझ्याशी ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही, पण ताट माझंही वाढलं होतं.

बंदरावर मी अजून तांडेलांसाठी खोटं बोलतो. फक्त एक अट घातली आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे. शेठचं ऐकायचं नाही तर ऐकू नका, सेट बंद करा, मी खारं धरलं म्हणून सांगेन. पण बंद करायच्या आधी दोनदा बटण दाबायचं, आणि दर तासाला चालू करून पुन्हा दोनदा. शेठलाही मी सांगून ठेवलंय की खारं धरून आवाज गेला तरी टकटक जाते, आणि ती आली म्हणजे बोटीवरची माणसं जिवंत आहेत. ज्याने दाबलं नाही त्याचा सेट मी शेठसमोर उघडतो आणि चालू करून दाखवतो.