बाबांच्या घशाची स्लाइड

अलिबागच्या एका लॅबमध्ये मी स्लाइड बनवते. कान, नाक, घशातून काढलेले तुकडे बाटलीतून येतात. ते मेणात बसवायचे आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे. कापलेली पट्टी कोमट पाण्यावर तरंगते, ती अलगद काचेवर उचलून रंगवायची. रोगाचं निदान आमच्या डॉक्टर मॅडम करतात. माझं काम तिथवरच, पण मला डोकावायची खोड आहे.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की भोवतालची लॅब विरघळून जाते. टॉन्सिलमध्ये जांभळ्या ठिपक्यांची जत्रा भरलेली. नाकात वाढलेलं मांस पाण्यानं फुगलेलं, फिकट गुलाबी. कानाच्या कूर्चेतल्या पेशी आपापल्या खोलीत एकेकट्या बसलेल्या. आणि नाकाच्या, श्वासनळीच्या अस्तरावर बारीक बारीक केस. जिवंतपणी ते एका लयीत हलून कफ पुढं ढकलत असतात. काचेवर ते थांबलेले असतात, तरी मला हलताना दिसतात. त्यांच्या नादात कितीदा तरी माझा डबा तसाच राहिला आहे.

बाबा थळच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारायचे. गेल्या वर्षी त्यांचा आवाज बसला तो बसलाच. आई हळद-दूध, ज्येष्ठमध देऊन थकली. शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून स्वरतंतूवरची गाठ काढली आणि ती बाटली माझ्या टेबलावर आली. बाबा जन्मभर तंबाखू खाणारे. कॅन्सरच असणार, असं मी धरूनच चालले होते.

स्लाइड तयार झाली तेव्हा मॅडम घरी गेल्या होत्या. मी पाहिली. केस नव्हतेच. त्यांच्या जागी चपट्या पेशींचे थरावर थर. केस जाऊन असे थर आले की वाईटाची सुरुवात, असं शिकताना कधीतरी ऐकलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती. घरी पोहोचले तर बाबा ओटीवर बसून माझ्याकडे एकटक बघत होते. मी तोंड फिरवलं, चहाचं निमित्त केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी काच पाहिली आणि साधी गाठ आहे म्हणाल्या. मी घाबरत थरांचं विचारलं.

"अगं, स्वरतंतूवर थरच असतात. बोलताना ते दिवसभर एकमेकांवर आपटतात. तिथं केस कसे टिकतील?"

अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी, जिन्यात जाऊन पुन्हा रडले, या वेळी सुखानं.

बाबांना दोन आठवडे मौन सांगितलं होतं. संध्याकाळी निकाल सांगितला तेव्हा त्यांनी नुसते डोळे मिटले. मग मी माझ्या शहाणपणाची गोष्ट स्वतःचीच टर उडवत सांगितली. वाटलं, हसतील. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान ओढलं आणि मागच्या बाजूला सावकाश लिहिलं:

"मना पन तोच वाटला व्हता. तुला माज्या तोंडानं सांगाया जमला नसता. म्हनून डॉक्टरला बोललो, तुकडा माज्या पोरीच्याच लॅबला धाडा."

म्हणजे आदल्या संध्याकाळी ते माझ्या चेहऱ्यावर निकाल वाचत होते. आणि मी तोंड फिरवलं होतं. ती रात्र त्यांनी काय समजून काढली, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.